शाळेतील अर्थशास्त्र : थोडा नवा विचार

आपल्या समाजात घरोघरी बाबासाहेबांची तसबीर आहे. घटनेचे शिल्पकार म्हणून लहान मूलही त्यांना ओळखते. परंतु बाबासाहेब मूळचे अर्थशास्त्राचे विद्यार्थी होते आणि कोलंबिया व लंडन येथील त्यांचे मोठे प्रबंध अर्थशास्त्रातील होते, ही गोष्ट आपल्या मुलांना क्वचितच ठाऊक असते. याहून विचार करण्यासारखी बाब अशी की, ज्या विषयाने बाबासाहेबांच्या हाती शोषणाचा हिशेब मांडण्याचे साधन दिले, त्या विषयाशी नीट ओळख होण्यापूर्वीच आपल्यातील अनेक मुलांची शाळा सुटते. दहावीनंतर कोणी गोदामात लागतो, कोणी मागावर जातो, कोणी टेम्पोवर. तेथे पहिल्याच महिन्यात मजुरी, उचल, कपात आणि व्याज यांच्याशी त्याची गाठ पडते. त्याची तयारी मात्र शून्य असते.

प्रस्तुत लेखात हायस्कुलात अर्थशास्त्र कसे शिकवावे, याविषयी काही विचार मांडण्याचा आमचा प्रयत्न आहे. आम्ही अर्थशास्त्राचे पंडित नाही. कला शाखेची पदवी घेऊन बँकेत कारकुनी करणारे आहोत. परंतु खिडकीच्या अलीकडे बसून पैशाचे जे व्यवहार रोज डोळ्यांखालून जातात, त्यावरून शाळेत काय शिकवायला हवे होते, याचा अंदाज येतो.

आज काय शिकवले जाते?

आपल्या राज्याच्या शालेय अभ्यासक्रमात अर्थशास्त्राला स्वतंत्र घर असे फारसे मिळालेले नाही. एके काळी दहावीला 'भूगोल व अर्थशास्त्र' अशी जोडनावाची एकच प्रश्नपत्रिका असे आणि त्यात अर्थशास्त्राचा वाटा लहान. पुढे २०१७ साली नववीचे नवे पुस्तक आले, त्यात अर्थशास्त्राचा परिचय भूगोलाच्या पुस्तकातील एका प्रकरणात बसवला गेला. खरे अर्थशास्त्र सुरू होते ते अकरावीला, तेही तो विषय घेणाऱ्यांसाठी. २०१९ च्या अकरावीच्या पुस्तकात पैसा, ग्रामीण विकास, बेरोजगारी, दारिद्र्य अशी चांगली प्रकरणे आहेत, हे मान्य केले पाहिजे. पण ज्याला त्यांची सर्वांत जास्त गरज, तो मुलगा तोवर वर्गाबाहेर गेलेला असतो.

जे शिकवले जाते त्याची पद्धतही पाहावी. व्याख्या लिहा, फरक स्पष्ट करा, कारणे द्या, एका वाक्यात उत्तर लिहा. मुले 'मागणीचा नियम' पाठ करतात, 'घटत्या सीमांत उपयोगितेचा सिद्धांत' पाठ करतात आणि परीक्षा झाली की विसरतात. यात शिक्षकांना दोष देण्याचा आमचा हेतू नाही. साठ-सत्तर मुलांचा वर्ग, भूगोलाचा किंवा इतिहासाचा पदवीधर शिक्षक आणि अंगावर अभ्यासक्रम पुरा करण्याचे ओझे. अशा स्थितीत पाठांतराखेरीज दुसरे काय होणार?

या बाबतीत राष्ट्रीय पातळीवर एक चांगला प्रयत्न झाला. एन.सी.ई.आर.टी.ने २००६ साली नववीच्या अर्थशास्त्राचे जे पुस्तक काढले, त्याची सुरुवात व्याख्येने न करता पालमपूर नावाच्या एका कल्पित गावाच्या गोष्टीने केली. जमीन कोणाकडे, मजुरी किती, कर्ज कोणाकडून, हे गावातील माणसांच्या व्यवहारातून दाखवले. दिशा योग्य होती. आमचे म्हणणे इतकेच की, भिवंडीच्या मुलाला कल्पित गावाची गरज नाही. त्याचे पालमपूर त्याच्या दारात उभे आहे.

बाबासाहेबांची पद्धत

बाबासाहेबांच्या अर्थशास्त्रीय लेखनाची नावे आपण जयंतीच्या भाषणात घेतो. ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारावर व वित्तव्यवहारावर १९१५ चा एम.ए.चा प्रबंध, भारतातील लहान धारणक्षेत्रांवर १९१८ चा निबंध, रुपयाच्या प्रश्नावर १९२३ चा लंडनचा प्रबंध, प्रांतिक वित्तव्यवस्थेवर १९२५ चा ग्रंथ. मधल्या काळात, १९१८ ते १९२०, मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात ते अर्थशास्त्राचे प्राध्यापकही होते. परंतु नावांपेक्षा त्यांची विचार करण्याची रीत मुलांना कळणे अधिक महत्त्वाचे आहे.

दोन उदाहरणे पुरेत. शेतीचे तुकडे लहान आहेत, ते एकत्र करा म्हणजे दारिद्र्य हटेल, असे त्या काळी अनेक विद्वान म्हणत. बाबासाहेबांनी विचारले, लहान म्हणजे कशाच्या मानाने लहान? जमीन लहान की मोठी हे नुसत्या एकरांवर ठरत नाही. तिच्यावर किती भांडवल आणि किती माणसांचे श्रम लागतात, यावर ठरते. आपल्याकडे जमिनीवर माणसे जास्त आणि अवजारे कमी. तेव्हा उपाय केवळ तुकडे जोडण्यात नाही. उद्योग वाढवून जमिनीवरचा माणसांचा भार कमी करण्यात आहे. सर्वांनी मान्य केलेल्या उत्तराखालचा प्रश्नच त्यांनी तपासला.

दुसरे उदाहरण रुपयाचे. रुपयाची परदेशातील किंमत उतरली की निर्यात करणाऱ्याला नफा होतो आणि देशाचे भले झाले असे वाटते. बाबासाहेबांनी विचारले, हा नफा कोणाच्या खिशातून आला? रुपया उतरला की देशात भाव वाढतात. मजुरी मात्र भावांच्या मागून रखडत येते. म्हणजे व्यापाऱ्याच्या नफ्याचा एक भाग मजुराच्या ताटातून गेलेला असतो. कोणाला मिळाले आणि कोणी भरले, हा प्रश्न त्यांनी इतक्या मोठ्या चलनशास्त्राच्या ग्रंथातही सोडला नाही. पुढे १९३७ साली कोकणातील खोती नष्ट करण्याचे विधेयक त्यांनी मुंबई विधिमंडळात मांडले आणि जानेवारी १९३८ मध्ये शेतकऱ्यांचा मोर्चा विधिमंडळावर नेला. त्यामागे हाच प्रश्न होता.

येथे एक गोष्ट नम्रपणे सुचवावीशी वाटते. रिझर्व्ह बँक बाबासाहेबांनीच स्थापन केली, असे आपल्या सभांतून सरसकट सांगितले जाते. मुलांना नेमके सांगावे. भारतीय चलनाविषयीच्या हिल्टन यंग आयोगापुढे डिसेंबर १९२५ मध्ये बाबासाहेबांनी साक्ष दिली. आयोगाने १९२६ च्या अहवालात मध्यवर्ती बँकेची शिफारस केली. १९३४ साली कायदा झाला आणि १ एप्रिल १९३५ रोजी बँक सुरू झाली. जेमतेम चौतीस वर्षांचा, अस्पृश्य समाजातून आलेला एक तरुण साम्राज्याच्या आयोगापुढे चलनाच्या प्रश्नावर साक्ष देतो, ही गोष्ट जशीच्या तशी एवढी मोठी आहे की ती वाढवून सांगण्याची गरज नाही. आकडा आणि तारीख अचूक देणे हाही बाबासाहेबांचाच धडा आहे.

भिवंडी हेच पुस्तक

आता ही रीत आपल्या शहराला लावून पाहू. भिवंडी म्हणजे यंत्रमाग. उत्तर प्रदेशातून आलेले मोमीन-अन्सारी विणकर, तेलंगणातून आलेले पद्मशाली आणि आसपासच्या गावांतील आपली माणसे, यांच्या श्रमावर हे शहर वाढले. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार रस्त्यावर आले. गिरण्या थांबल्या, पण देशाला कापड लागतच होते. त्या कापडाचा मोठा भाग भिवंडीसारख्या ठिकाणच्या मागांवर निघू लागला. काम तेच, कापड तेच. परंतु गिरणीतील ठरलेले तास, फंड आणि रजा मात्र मागाच्या शेडपर्यंत पोहोचल्या नाहीत. 'उत्पादनाचे विकेंद्रीकरण' हा शब्द मुलाने पाठ करण्यापेक्षा एवढी हकिकत समजून घेतली तर तो शब्द त्याला जन्मभर विसरता येणार नाही.

गणित याच शेडमध्ये शिकवता येते. उदाहरणापुरते धरू की एक कामगार सहा माग सांभाळतो, प्रत्येक मागावर बारा तासांत ४० मीटर कापड निघते आणि मीटरला दोन रुपये मजुरी आहे. दिवसाचे कापड २४० मीटर, मजुरी ४८० रुपये. आता दोन तास वीज गेली. कापड २०० मीटर, मजुरी ४०० रुपये. कामगार बारा तास शेडमध्येच होता. वीज जाण्यात त्याचा काही हात नव्हता. तरी ८० रुपये त्याचे गेले. मग मुलांना विचारावे, धंद्यातील जोखीम येथे कोणी उचलली? महिन्याच्या पगारावर असता तर काय झाले असते? सूत व्यापाऱ्याचे, माग कारखानदाराचा आणि मजुरी मीटरवर, तर मंदी आल्यावर आधी कोणाचे उत्पन्न थांबते? 'उक्ती मजुरी' आणि 'वेळेची मजुरी' यांतील फरक पाच गुणांसाठी लिहिण्यापेक्षा हा हिशेब अधिक शिकवील.

तासांचाही हिशेब मांडावा. बाबासाहेब व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात १९४२ ते १९४६ मजूर खात्याचे सदस्य होते. १९४६ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन आठवड्याचे ४८ तास ठरले आणि १९४८ च्या कायद्यानेही ती मर्यादा ठेवली. बारा तासांची पाळी सहा दिवस केली तर ७२ तास होतात. मधले २४ तास कोणत्या हिशेबात जमा झाले, हा प्रश्न नववीचा मुलगा सहज विचारू शकतो. फक्त तो विचारायला त्याला कोणी शिकवले पाहिजे.

शहराबाहेर मानकोली, काल्हेर, पूर्णा, राहनाळ या गावांच्या हद्दीत गोदामांच्या रांगा आहेत. मुंबई जवळ, जागा मुंबईपेक्षा स्वस्त आणि मुंबईच्या जकात हद्दीच्या बाहेर, म्हणून ही गोदामे वाढत गेली. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि मुंबईची जकात संपली, तरी गोदामे ओस पडली नाहीत. कारण रस्ते, जागा आणि स्वस्त मजूर येथेच होते. 'उद्योगाचे स्थाननिश्चितीकरण' याला यापेक्षा चांगले उदाहरण कोणत्या पुस्तकात मिळणार? आणि १९६९ चा माथाडी कायदा महाराष्ट्राने केला, त्यामुळे नोंदणी झालेल्या हमालाला मंडळामार्फत मजुरी व फंड मिळू लागला; मग त्याच रांगेतील कंत्राटदाराच्या हमालाला तो का मिळत नाही? मुलाने हे आपल्या वडिलांना किंवा काकांना विचारून वहीत लिहून आणावे. हाच त्याचा गृहपाठ.

व्याजाचा धडा

एका धड्यावर आम्ही जास्त भर देऊ, कारण त्याच्या अभावी झालेली हानी आम्ही रोज पाहतो. भिवंडीच्या वस्तीत 'पाच टक्क्यांनी पैसे घेतले' असे म्हणतात, तेव्हा ते पाच टक्के महिन्याचे असतात. बँकेत 'बारा टक्के' म्हणतात, तेव्हा ते वर्षाचे असतात. पुष्कळ माणसे या दोन आकड्यांची थेट तुलना करतात आणि बँक महाग, सावकार स्वस्त असे समजून परत जातात. यात त्यांचा निष्काळजीपणा नाही. टक्क्याबरोबर काळ विचारावा, हे त्यांना शाळेत कोणी सांगितलेच नाही. शेकडेवारीचा पाठ गणितात झाला, कर्जाचा पाठ कोठेच झाला नाही.

फळ्यावर एवढेच मांडावे. वीस हजार रुपये पाच टक्के महिन्याने घेतले. महिन्याचे व्याज एक हजार. वर्षभर नियमाने भरले तर बारा हजार गेले आणि मुद्दल वीस हजार जसेच्या तसे डोक्यावर. वर्षभर काहीच भरले नाही आणि व्याजावर व्याज चढले, तर वर्षाअखेर देणे सुमारे ३५,९०० रुपये. तोच हप्त्याच्या कर्जाचा प्रकार. तीस हजार रुपये, 'फक्त बारा टक्के फ्लॅट', बारा हप्ते, प्रत्येकी २,८०० रुपये. ऐकायला बरे वाटते. परंतु पहिल्याच हप्त्यापासून मुद्दल कमी होत असते आणि व्याज मात्र पूर्ण तीस हजारांवर धरलेले असते. घटत्या शिलकीवर हिशेब केला तर हा दर वर्षाला सुमारे साडेएकवीस टक्के पडतो. दहावीच्या मुलाला हा हिशेब मांडता आला, तर कागदावर सही करण्यापूर्वी घरातील मोठी माणसे त्याला विचारतील. घरातील शिकलेल्या मुलाचा हा पहिला उपयोग होय.

यालाच जोडून जामीनकीचा धडा हवा. शेजारधर्म म्हणून दुसऱ्याच्या कर्जाला जामीन राहणारा माणूस कर्जदाराइतकाच बांधला जातो, हे पुष्कळांना वसुलीची नोटीस आल्यावर कळते. ठेवीवरील विम्याचा धडा हवा. बँक बुडाली तर एका बँकेतील एका ठेवीदाराला पाच लाखांपर्यंतच्या ठेवीचे विमा संरक्षण फेब्रुवारी २०२० पासून मिळाले आहे, हे मुलाने घरी सांगावे. परवाना नसलेला सावकार कोण, हेही कळावे. महाराष्ट्रात त्यासाठी २०१४ चा सावकारी नियमन कायदा आहे.

धम्मातील दोन बाजू

येथे कोणी म्हणेल, मग मुलांना बचत शिकवा म्हणजे झाले. आम्हांस हे अपुरे वाटते. धम्माने या प्रश्नाच्या दोन बाजू फार पूर्वीच सांगितल्या आहेत.

पहिली बाजू गृहस्थाची. सिगालोवाद सुत्तात भगवंतांनी तरुण सिगालाला मिळकतीचे चार भाग करण्यास सांगितले. एक भाग उपभोगासाठी, दोन भाग व्यवसायासाठी, चौथा अडचणीच्या काळासाठी राखून. दीघजाणू या कोलीय गृहस्थाला उद्योगशीलता, मिळवलेल्याचे रक्षण, कल्याणमित्रांची संगत आणि आय पाहून व्यय करणारे सम जीवन, या चार गोष्टी सांगितल्या. अनाथपिंडिकाला सांगितलेल्या गृहस्थाच्या चार सुखांत कर्ज नसण्याचे सुख मोजले आहे. धम्म दारिद्र्याचा गौरव करीत नाही.

दुसरी बाजू राज्याची. कूटदंत सुत्तातील राजाला मोठा यज्ञ करायचा असतो, राज्यात मात्र लुटालूट चाललेली असते. पुरोहित त्याला सांगतो की शिक्षेने हे थांबणार नाही; शेतकऱ्याला बियाणे, व्यापाऱ्याला भांडवल आणि सेवकाला वेतन द्या. चक्कवत्ती सीहनाद सुत्तात तर क्रमच दिला आहे. राजाने निर्धनांना धन दिले नाही म्हणून दारिद्र्य वाढले, दारिद्र्यातून चोरी, चोरीतून शस्त्र, शस्त्रातून हत्या.

या दोन्ही बाजू एकत्र शिकवल्या तरच अर्थशास्त्र पुरे होते. केवळ पहिली शिकवली, तर गरीब माणूस उधळ्या आहे म्हणून गरीब आहे, असा समज मुलांच्या मनात बसतो. ज्याची मजुरी किराणा, भाडे आणि औषध यांतच संपते, त्याने चौथा भाग कोठून काढावा? केवळ दुसरी शिकवली, तर सर्व काही सरकारने करावे, आपण लग्न-बारशाला कर्ज काढून मांडव घालावा, अशी सवय लागते. घरातील वहीत खर्च लिहिणे आणि मजुरी कोणी व कशी ठरवली हे विचारणे, ही दोन्ही कामे एकाच मुलाने केली पाहिजेत.

काही सूचना

अभ्यासक्रम बदलणे आपल्या हातात नाही. परंतु शाळांशी बोलणे आणि आपल्या विहारातील अभ्यासिकेत सुरुवात करणे आपल्या हातात आहे. त्यासाठी पुढील गोष्टी सुचवाव्याशा वाटतात.

१) आठवी-नववीच्या प्रत्येक मुलाने तीन महिने घरखर्चाची वही ठेवावी. वही वर्गात वाचून दाखवू नये. प्रत्येक घराचा मान राखावा. चर्चा करताना नावे सोडून केवळ आकडे घ्यावेत.

२) दर महिन्याला एक खरा कागद शिकवावा. विजेचे बिल, पगाराची पावती, फंडाची नोंद, पासबुक, कर्जाचा करारनामा, किराणा दुकानाची पावती. व्याख्या कागद वाचून झाल्यावर द्यावी, आधी नाही.

३) शाळेतील आनंदमेळाव्यात मुले भेळ, वडे विकतात आणि नफा सांगतात. त्या हिशेबात गॅस, तेल आणि आईचे दोन तास लिहायला लावावेत. नफ्याचा आकडा बदलतो. घरातील बाईच्या श्रमाची किंमत मुलांना त्याच दिवशी कळते.

४) पूर्वी अनेक शाळांत 'संचयिका' असे. मुलेच खातेवही लिहीत. ती पुन्हा सुरू करावी. दहा वर्षांवरील मुलांना स्वतःच्या सहीने बचत खाते चालवू देण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने बँकांना २०१४ सालीच दिली आहे, तिचाही उपयोग करावा.

५) वर्षातून एकदा माग कामगार, हमाल, भाजीवाली, कारखानदार आणि बँक कर्मचारी यांना एकाच वर्गात बोलवावे. प्रश्न मुलांनी विचारावेत. कोणाची अप्रतिष्ठा करू नये, पण उत्तर मिळेपर्यंत प्रश्न सोडूही नये.

६) बाबासाहेबांच्या लहान धारणक्षेत्रांवरील निबंधाचा आशय सोप्या मराठीत, आठ-दहा पानांत, नववी-दहावीच्या मुलांसाठी तयार करावा. जयंतीच्या खर्चातून एवढी पुस्तिका छापणे आपल्या संस्थेला अवघड नाही.

७) अभ्यासिकेत आठवड्यातून एक तास हिशेबाचा ठेवावा. आपल्या समाजात बँक, पोस्ट, विमा, शाळा आणि सरकारी कचेऱ्या यांतून नोकरी करणारे पुष्कळ आहेत. प्रत्येकाने महिन्यातून एक तास दिला तरी वर्ग बारमाही चालेल. या तासाला शेजारच्या उर्दू, हिंदी, तेलुगू शाळांतील मुले आली तर त्यांचेही स्वागत करावे. व्याजाला जात-धर्म नसतो.

समारोप

जातिव्यवस्था ही केवळ श्रमाची विभागणी नसून श्रमिकांचीच विभागणी आहे, असे बाबासाहेबांनी १९३६ साली दाखवून दिले. अर्थशास्त्राच्या पुस्तकात श्रमविभागणीचे फायदे पाठ करणाऱ्या आपल्या मुलाला हे दुसरे वाक्य ठाऊक नसेल, तर त्याचे शिक्षण अर्धेच झाले असे म्हणावे लागेल. सर्वच मुले अर्थतज्ज्ञ होणार नाहीत आणि होण्याची गरजही नाही. परंतु मागावर जाणाऱ्या मुलाला आपली मजुरी मोजता यावी, लग्न होऊन जाणाऱ्या मुलीला कर्जाचा कागद वाचता यावा आणि दोघांनाही 'हे असे का?' असे निर्भयपणे विचारता यावे, एवढे हायस्कूलच्या अर्थशास्त्राने केले पाहिजे.

आगामी शैक्षणिक वर्षात अभ्यासिकेत हा तास सुरू करण्याचा विचार संस्थेच्या पदाधिकाऱ्यांनी करावा, अशी विनंती आहे. पहिल्या तासाचा विषयही सुचवून ठेवतो : पाच टक्के, महिन्याचे की वर्षाचे?

भवतु सब्ब मंगलं. जय भीम!